‘पार्ट मिळत नाही’ म्हणजे नेमकं काय मिळत नाही?

पत्र: आजोबांची १९८२ सालची प्युजो ५०५ डिझेल माझ्याकडे आली आहे. इंजिन २.३ लिटरचं. सकाळी सुरू व्हायला फार छळते, सुरू झाली की दोन-तीन मिनिटं थडथडते आणि मागून पांढरा धूर सोडते. पंपाच्या वरच्या अंगाने डिझेल झिरपतं. रेडिएटरचं पाणी हळूहळू कमी होतं, टाकीत बुडबुडे दिसतात. मेकॅनिकने हीटर प्लग काढायला घेतले तर तिसऱ्याचं मुंडकं तुटलं, अंग आतच राहिलं. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) चार ठिकाणी विचारलं, सगळीकडे एकच उत्तर, ‘या गाडीचं काही मिळत नाही.’ मेकॅनिक म्हणतो पंप गेलाय, दुसरं इंजिन बसवा. गाडी मला मूळ इंजिनासकट ठेवायची आहे. पार्ट शोधायचे कसे, आणि काय दुरुस्त करून घेता येईल?

उत्तर:

दुसऱ्या इंजिनाचा विषय तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि खापर सगळं एकट्या पंपावर फुटलंय.

आधी तो सकाळचा धूर. तुमच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या कोठडीत पडतं. इंजिन गार असताना त्या कोठडीच्या भिंती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात. कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, वीस पटींच्या वर असूनही अशी इंजिनं कोठडी तापवणाऱ्या हीटर प्लगवाचून सकाळी रुसतात ती त्यामुळे. तिसरा प्लग आज मोडला असला तरी तो मेला बऱ्याच आधी असावा. मग तो सिलिंडर पहिली दोन मिनिटं डिझेल नुसतं घेतो आणि न जाळता मागे फेकतो. इंजिन तीन पायांवर चालणार, थडथडणार आणि पांढरा धूर सोडणार. पंप आज कोरा आणून बसवला तरी हे थांबणार नाही. एक खूण लक्षात ठेवा: न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन तापलं की जातो. कूलंटची, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याची, वाफ गोडसर वासाची असते आणि इंजिन तापल्यावरही येत राहते. बुडबुडे दिसताहेत म्हणजे हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात जात असावा, तेव्हा तुमच्याकडे थोडं दोन्ही असू शकेल.

बाकीचे तीन प्लगही तपासा. वायर सोडून मल्टिमीटर लावला तर चांगला पेन्सिल प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही.

पंपाचा दोष सिद्ध करायला पंप उतरवावा लागत नाही. पंपाकडे येणारी आणि पंपातून परत जाणारी अशा दोन्ही रबरी नळ्यांच्या जागी वीतभर पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी घाला आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी नळी रिकामी किंवा हवेच्या फुग्यांनी भरलेली दिसली तर डिझेल रात्रीतून टाकीत उतरलंय. पंप जिथून डिझेल बाहेर गाळतो तिथूनच उभ्या गाडीत हवा आत ओढतो. मी शिकाऊ असताना एका गाडीचा पंप दोनदा उतरवून टेस्टिंगला पाठवला होता. शेवटी दोष निघाला इंजेक्टरवरून परतीचं डिझेल नेणाऱ्या बोटभर लांबीच्या नळीत. ती नळी मीटरवर मिळते आणि तिला कुठल्याच गाडीचं नाव नसतं.

हे झालं की चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि तोपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. पेट्रोल गाडीचा गेज इथे चालणार नाही, त्याचा काटा जिथे संपतो तिथून डिझेलचे आकडे सुरू होतात. तिसऱ्यात प्लगचं भोक बुजलेलं आहे, तेव्हा चारही सिलिंडर इंजेक्टरच्या भोकातूनच मोजायला सांगा, म्हणजे तुलना सारखी होईल. मोजताना पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याची, वायर काढलेली असू द्या. नेमका आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, हे जास्त बोलतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय. एकटाच खाली असेल तर वाल्व किंवा रिंग. चारही तब्येतीत असतील तर इंजिन बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता शोधाशोध. तुम्ही चार ठिकाणी ‘५०५ चं गॅस्केट’ मागितलंत. दुकानदाराने यादीत ५०५ शोधली, सापडली नाही, मान हलवली. त्याचं खोटं नाही. पण गाडी मेली तरी तिचं इंजिन दुसऱ्या घरांत नांदत असतं. तुमचं २.३ लिटरचं इंजिन म्हणजे एक्सडी-२, बोअर (सिलिंडरचा व्यास) ९४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३, एकूण २३०४ सीसी. हेच इंजिन फोर्डने सिएराच्या २.३ डिझेलमध्ये घातलं होतं. प्युजोच्या स्वतःच्या ५०४ मध्ये आणि माल वाहणाऱ्या व्हॅनमध्ये ते होतंच. याच घराण्यातली २११२ सीसीची आणि २४९८ सीसीची भावंडं फोर्ड ग्रॅनडात गेली, महिंद्राच्या जीपगाड्यांत गेली. इंडेनॉर या नावाने हे घराणं बोटींतही फिरलं. म्हणजे जो पार्ट ‘५०५’ म्हटल्यावर मिळत नाही, तो ‘सिएरा डिझेल’ म्हटल्यावर किंवा बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे फळीवर पडलेला असू शकतो. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन कोड पुसून, उजेड मारून फोटो काढा. यापुढे विचारताना तो कोड आधी, गाडीचं नाव नंतर.

दुसरी किल्ली म्हणजे पार्ट नंबर. प्युजोच्या जुन्या नंबरांत पहिले चार आकडे पार्टची जात सांगतात: ०२०९ म्हटलं की हेड गॅस्केट, १२०१ म्हटलं की पाण्याचा पंप. टिंबानंतरची दोन अक्षरं किंवा आकडे म्हणजे नेमका नमुना. पार्ट्सचं पुस्तक मिळवा, तुमच्या इंजिनाचा नंबर काढा आणि तो नंबर पुढे कुठल्या नव्या नंबरात विलीन झाला हेही विचारा. जुना नंबर ‘बंद’ दाखवतो आणि त्याचाच वारस त्याच गोदामात पडून असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. गॅस्केट तर प्युजोने कधीच स्वतः बनवलं नसणार. एलरिंग, व्हिक्टर राइन्झ, पायेन हे लोक गॅस्केटवालेच, आणि त्यांच्या यादीत गाडीबरोबर इंजिन कोडवरूनही शोधता येतं.

भावंडांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. २४९८ सीसीवाल्याचा बोअरही ९४ च आहे, फरक स्ट्रोकचा, तो ९०. रिंगा मापाने जुळण्याची शक्यता आहे. पण बोअर सारखा म्हणून पिस्टन उचलून आणू नका. स्ट्रोक सात मिलिमीटरने वाढला की पिस्टन वर साडेतीन मिलिमीटर जास्त चढतो आणि खाली तेवढाच जास्त उतरतो. त्याची सोय बनवणाऱ्याने ब्लॉकच्या उंचीत, कनेक्टिंग रॉडमध्ये किंवा पिस्टनच्या पिनच्या जागेत कुठेतरी केलेली असते. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचं माप दोन्हींचं घ्या, मग बोला. रिंगांचीही नुसती गोलाई पुरत नाही, प्रत्येक रिंगेची उंची खाचेशी जुळवून बघावी लागते.

खूप पार्ट तर असे असतात ज्यांचं माप त्यांच्या अंगावरच लिहिलेलं असतं, आणि लोक गाडीच्या नावाने ते शोधत फिरतात. ऑइल सीलवर ३५-५०-८ असं काही कोरलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. शाफ्ट कुठल्या दिशेने फिरतो त्याचा बाणही कधी असतो, तो बघायला विसरू नका. बेअरिंगवर ६२०३ लिहिलं असेल तर ते १७ मिलिमीटरच्या शाफ्टवर बसणारं, ४० बाहेरचं, १२ रुंदीचं बेअरिंग आहे, मग ते आल्टरनेटरमधून निघालेलं असो की कपडे धुण्याच्या मशीनमधून. क्रँकच्या बेअरिंग शेल पाठीकडून बघा, तिथे बनवणाऱ्याचं चिन्ह आणि नंबर असतो. म्हणून जुना पार्ट कितीही खराब झालेला असो, नवा बसून गाडी महिनाभर धावेपर्यंत टाकायचा नाही. एक डबा करा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा.

आता तुमचा पंप. त्यावर बॉशची पट्टी असेल आणि नंबर ०४६० ने सुरू होत असेल तर तो व्हीई जातीचा आहे. पट्टीवर ‘व्हीई ४/९ एफ २२५० आर’ अशा धाटणीचं काही वाचता येईल. चार म्हणजे सिलिंडर. नऊ म्हणजे आतल्या प्लंजरचा, डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याचा, व्यास मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे वजनांवर चालणारा यांत्रिक गव्हर्नर, इंजिनाचा वेग आवरणारा भाग. २२५० हे पंपाचे फेरे, आणि पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे इंजिनाचे ४५००. आर म्हणजे उजवीकडे फिरणारा. हा पंप एका गाडीचा नाही, कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांनी तो वापरला, म्हणून त्याचे सीलचे किट अजून बनतात. पट्टी रोटो-डिझेलची किंवा सीएव्हीची निघाली तर पंप वेगळ्या जातीचा. तिथे शोधताना ही दोन्ही नावं आणि शिवाय लुकास, डेल्फाय अशी चारही लावून बघा, कारण धंदा हातोहात फिरला आणि पार्ट त्याच्याबरोबर नवी नावं घेत गेले.

पंप गळायला का लागतो, हे कळलं तर किट नीट निवडता येईल. जुन्या पंपांतले ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, नायट्राइल रबराचे. जुन्या डिझेलमधल्या अॅरोमॅटिक घटकांनी ते रबर थोडं फुगलेलं असायचं आणि फुगूनच घट्ट बसायचं. सल्फर कमी करताना इंधनावर जी प्रक्रिया होते तिच्यात हे घटकही कमी होतात. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा चांगल्या चालत्या गाड्यांचे पंप गळायला लागले, त्याचं कारण हेच: वर्षानुवर्षं फुगून कडक झालेलं रबर आकसलं. तेव्हा किट घेताना व्हायटॉनचं, म्हणजे एफकेएम रबराचं मागा.

तुमची गळती ‘वरच्या अंगाने’ आहे म्हणता, म्हणजे संशय दोनांवर: झाकणाचं सील आणि अॅक्सिलरेटरच्या दांडीचा ओ-रिंग. दांडीला हाताने आडवं हलवून बघा. खडखडली तर तिचं बुश झिजलंय आणि नुसता ओ-रिंग बदलून चार महिन्यांत पुन्हा तेच होईल. बुश चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येतं, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या व्हीई पंपाचं झाकण शोधा. हे काम पंप न उतरवता होतं, पण दांडीवरचा खटका (अॅक्सिलरेटरची केबल ज्याला ओढते तो) काढण्याआधी दांडी आणि खटका दोन्हींवर मिळून एक रेघ ओढा. तिथे बारीक दाते असतात, एक दाता चुकला की आयडलिंग बिघडतं आणि मग सगळे पंपाला दोष द्यायला मोकळे. परतीच्या नळीचा पोकळ बोल्ट, ज्यावर ‘आउट’ लिहिलेलं असतं, त्याला आत बारीक भोक असतं. तो येणाऱ्या बाजूच्या बोल्टाशी अदलाबदल झाला तर पंपाला डिझेल पुरणार नाही. आणि मागच्या बाजूचा सीलबंद स्क्रू, जो डिझेलचं प्रमाण ठरवतो, त्याला पान्याने कुणीही शिवायचं नाही.

पंपाच्या पोटातला प्लंजर आणि त्याचं घर झिजलं असेल तर तिथे घरगुती हुशारी संपते. त्या जोडीतली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी असते, ती जोडी जन्मापासून एकमेकांसाठी घासलेली असते. पॉलिश पेपर लावलात की गेली. इंजेक्टरच्या नोझलचंही तसंच: सुई आणि तिचं घर जोडीनेच बदलायचं, एकाची सुई दुसऱ्यात घालायची नाही. नोझलवर डीएन० एसडी असं काही कोरलेलं असतं, त्यापुढच्या आकड्यावरून ती मिळते. इंजेक्टर टेस्टिंगवर नेऊन किती बारला उघडतात ते चारही सारखे लावून घ्या. प्रत्येक वेळी इंजेक्टर काढला की खालचा ज्वाला अडवणारा वॉशर नवा, आणि त्याची बाजू जुन्याप्रमाणे. (टेस्टिंगच्या फवाऱ्यासमोर बोट धरून ‘जोर’ बघणारे महाभाग असतात. तो फवारा कातडीतून आत जातो आणि बोट जाऊ शकतं. तुम्ही लांब उभे राहा.)

आता तिसऱ्या प्लगकडे येऊ, कारण तो आणि हेड गॅस्केट हे एकच काम आहे. मुंडकं तुटलेला प्लग गाडीवरच ड्रिल करून काढणारे आहेत. ते जमतंही, पण भुगा आणि तुटकं टोक कोठडीत पडण्याची भीती असते. तुमचं हेड गॅस्केटसाठी उतरणारच आहे. मग ही जोखीम कशाला? हेड टेबलावर आलं की प्लग दोन्ही बाजूंनी दिसतो, मधोमध भोक पाडून शांतपणे काढता येतो आणि आटे खराब झाले तर तिथल्या तिथे नवे पाडता येतात. उरलेले तीन प्लग काढताना मात्र इंजिन गरम असू द्या, दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल सोडत राहा आणि पाव फेरा सोडून पुन्हा थोडा आवळा, असं मागेपुढे करत काढा. नवे घेताना आटे, टोकाची लांबी आणि व्होल्टेज हे तिन्ही जुळलं पाहिजे. अकरा व्होल्टच्या जागी सहा व्होल्टचा प्लग लावला तर तो पहिल्याच सकाळी लाल होऊन वितळेल.

हेड उतरवल्यावर जुनं गॅस्केट जपून ठेवा. काठावर बारीक खाचा किंवा भोकं असतील तर ती त्याच्या जाडीची खूण आहे. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या किती वर येतो ते डायल गेजने चारही सिलिंडरवर मोजायचं आणि त्यावरून जाडी ठरवायची. इथे मिलिमीटरचा शतांशही मोजावा लागतो, ‘अंदाजे मधलं’ घेतलं तर पिस्टन वाल्वला भेटेल किंवा कॉम्प्रेशन पडेल. हेडवर सरळपट्टी आणि फीलर गेज ठेवून वाक बघा. वाकलं असेल तर लगेच फेसिंगला टाकू नका: कोठडीवाल्या डिझेल हेडचं फेसिंग काही कंपन्या साफ मना करतात. हेड घासलं की कोठडीचं तोंड आणि वाल्वची खोली दोन्ही बदलतात. दोन वाल्वच्या मधे केसासारखी चीर दिसली तर घाबरू नका, अशा चिरा जुन्या डिझेल हेडवर सर्रास दिसतात. ती वाल्वच्या सीटमध्ये किंवा पाण्याच्या वाटेपर्यंत गेली आहे का, ते मात्र हेडला हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवून बघायला सांगा.

आणि गॅस्केट अगदीच नाही मिळालं तर? नमुन्यावरून हेड गॅस्केट करून देणारे कारागीर आहेत. त्यांना जुनं गॅस्केट आणि हवी ती जाडी द्या, सिलिंडरभोवतीची कडी पोलादी पाहिजे हे बजावा. पाण्याच्या पंपाचं, टायमिंग कव्हरचं पॅकिंग तर गॅस्केट पेपरमधून कात्रीने घरीही कापता येतं. तांब्याचे वॉशर लाल तापवून थंड केले की पुन्हा मऊ होतात. पाण्याच्या पंपाची बॉडी चांगली असेल तर बेअरिंग आणि सील बदलून तो पुन्हा उभा राहतो, नव्या पंपाच्या शोधात महिने घालवण्याचं कारण नाही.

वर्षानुवर्षं गोदामात पडलेला, मूळ खोक्यातला माल समोर आला की हात शिवशिवतात. लोखंडी पार्ट खुशाल घ्या, गंज बघून. रबराचे घेऊ नका, खोकं कितीही कोरं असो. होजपाइप, पट्टे, डायफ्रॅम हे वापराने जसे मरतात तसे नुसत्या वयानेही मरतात.

इंजिन खरंच सोडून द्यावं लागेल अशा दोनच गोष्टी मला दिसतात: ब्लॉक पाण्याच्या बाजूने फुटलेला असणं, किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्याही (घासलेल्या क्रँकसाठी शेल मिळतात त्या सगळ्यात बारीक मापाच्याही) खाली घासलेला असणं. तुमच्या पत्रातलं एकही लक्षण त्या दिशेचं नाही.

तेव्हा क्रम असा धरा: पारदर्शक नळी, मग कॉम्प्रेशन, मग इंजिन कोड आणि पंपाच्या पट्टीचा फोटो, मग गॅस्केट हातात, आणि त्यानंतरच हेडचे बोल्ट सैल. गॅस्केट येण्याआधी हेड उतरवून ठेवलं तर गाडी महिनोन्‌महिने उघडी पडते, बोअरला गंज धरतो आणि एक नवीन खर्च उभा राहतो. कॉम्प्रेशनचे चार आकडे आले की मला पुन्हा लिहा, सिलिंडरच्या क्रमाने.